वेगवान विमान घेण्याआधी : सांबऱ्याच्या धावपट्टीवर साध्या विमानात उड्डाण शिकताना

बेळगावच्या उद्यमबागेत कारखाना असलेले माझे एक स्नेही गेल्या दिवाळीत एका वापरलेल्या चार आसनी विमानाची कागदपत्रे घेऊन घरी आले. वेग १६० नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर, उड्डाणानंतर पोटात ओढली जाणारी चाके, आणि किंमत त्यांच्या मते परवडणारी. त्यांचा हिशेब सरळ होता : शिकण्यासाठी पैसे मोजायचेच आहेत, तर ते दुसऱ्याच्या विमानात कशाला घालवायचे? मोटार आपण आपल्याच मोटारीवर शिकलो, मग विमान का नाही? मी त्यांना ती कागदपत्रे दोन वर्षे कपाटात ठेवायला सांगितले. त्या सल्ल्यामागची कारणे आणि त्या दोन वर्षांत काय, कोणत्या क्रमाने करावे, हे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील इच्छुकांसाठी येथे मांडत आहे.

प्रशिक्षणासाठी जगभर वापरली जाणारी विमाने दिसायला अगदीच साधी असतात. सेसना १५२ हे दोन आसनी, सुमारे ११० अश्वशक्तीच्या इंजिनाचे विमान शंभर-एकशेदहा नॉटही गाठताना दमते. सेसना १७२ चार आसनी आणि थोडे अधिक ताकदीचे, पण स्वभावाने त्याचेच मोठे भावंड. दोन्हींचे पंख वर, चाके कायम खाली आणि नाकावरचा फिरणारा पंखा ठरावीक कोनाचा. ज्यात काही विसरण्यासारखे नाही असे विमान विद्यार्थ्याला हवे असते, कारण त्याचे सगळे लक्ष विमान सरळ ठेवण्यातच संपलेले असते. आपल्याकडील अभियंत्यांनाही हे फार लवकर उमगले होते. भारतात आराखडा तयार होऊन उत्पादनात आलेले पहिले इंजिनाचे विमान लढाऊ नव्हते. ते हिंदुस्थान एअरक्राफ्टचे एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान होते. १९५१ साली उडालेल्या या विमानाचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. बेळगावहून तासाभराच्या अंतरावर मूळ असलेल्या माणसाने देशाचे पहिले विमान शिकाऊंसाठी बनवले, ही गोष्ट आपल्या भागात फारशी कोणी सांगत नाही.

साध्या विमानाचा खरा गुण म्हणजे ते विचार करायला वेळ देते. ९५ नॉट वेगाने बेळगावच्या सांबरा विमानतळावरून हुबळी विमानतळ, म्हणजे साधारण ४० सागरी मैल, पंचवीस मिनिटांच्या अंतरावर आहे. १७० नॉटने तेच अंतर चौदा मिनिटांत संपते, आणि त्या चौदा मिनिटांत नकाशा पाहणे, रेडिओवर बोलणे, उंची कमी करणे, इंजिन सांभाळणे आणि उतरण्याची तयारी ही कामे तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच असतात. उतरतानाचा फरक तर याहून मोठा आहे. जमिनीला टेकताना विमानात असलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे ६० ऐवजी ८० नॉटने टेकणारे विमान, वजन तेच धरले तरी, थांबवण्यासाठी पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते. पहिल्या पन्नास लँडिंगमध्ये वेगाचा अंदाज पाच-सात नॉटने चुकणारच. ती चूक कुठल्या विमानात व्हावी, एवढेच आपल्या हातात असते.

पैसे भरण्याआधी

सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडूनच ती करावी लागते. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी दुसऱ्या श्रेणीची तपासणी पुरते, व्यावसायिक परवान्यासाठी पहिल्या श्रेणीची लागते. चष्मा ही अडचण नसते, पण रंग ओळखण्यातला दोष, रक्तदाब किंवा साखर यांची अडचण आधीच कळलेली बरी. शुल्क भरून झाल्यावर ते कळणे फार महागात पडते. शिकाऊ परवान्यासाठी वयाची सोळा वर्षे आणि खाजगी परवान्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात, शिक्षण किमान दहावी. खाजगी परवान्यासाठी नियमांनी किमान चाळीस तासांचे उड्डाण मागितले आहे. त्यात ठरावीक तास एकट्याने उडवलेले असावेत, आणि त्या एकट्याच्या उड्डाणांपैकी पाच तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेल्या प्रवासाचे. चाळीस हा आकडा कमीत कमीचा आहे; नोकरी-धंदा सांभाळून, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाने पंचावन्न-साठ तासांची तजवीज करून ठेवावी, म्हणजे मध्येच पैसे संपून शिक्षण अर्धवट राहत नाही. हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र आणि विमान-इंजिन यांची लेखी परीक्षा असते, ती उड्डाणे सुरू होण्याआधी किंवा सोबतच उरकावी.

रेडिओची भाषा इंग्रजी आहे आणि मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना तिचीच सर्वांत जास्त धास्ती असते. प्रत्यक्षात तिथे पन्नास-साठ ठरलेली वाक्ये असतात आणि ती त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. मी टिळकवाडीहून सांबऱ्याला जाताना मोटारीत एकटाच मोठ्याने बोलत असे : कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवे. महिन्याभरात सिग्नलवर शेजारचे दुचाकीवाले वळून पाहायचे थांबले आणि नियंत्रण कक्षाशी बोलताना माझी जीभ अडखळायचीही थांबली.

संस्था निवडायला बेळगावकरांना आता फार लांब जावे लागत नाही. १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधलेल्या सांबरा विमानतळावरच, हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्राच्या शेजारी, अलीकडे नागरी वैमानिक प्रशिक्षण सुरू झाले आहे. संस्थेत चौकशी करताना माहितीपत्रकातील छायाचित्रे पाहत बसू नये. एकूण विमाने किती आणि त्यांपैकी आज उडण्याजोगी किती, हे विचारावे. एका विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास मिळतात, शक्यतो एकच प्रशिक्षक मिळेल का, आणि देखभालीसाठी विमान उभे राहिले तर पर्याय काय, हेही विचारावे. मी जिथे सुरुवात केली तिथे पहिल्या चार महिन्यांत मला पाच प्रशिक्षक बदलून मिळाले. प्रत्येकाची उतरवण्याची पद्धत थोडी वेगळी, प्रत्येकाच्या शिव्याही वेगळ्या. त्या काळात माझी प्रगती जवळपास शून्य होती, आणि दोष मी स्वतःला देत राहिलो.

सुरुवात कधी करावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या हवामानातच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडून येणारे ढग आंबोली-चोर्ला ओलांडून थेट बेळगाववर बसतात आणि ढगांचा तळ कित्येक दिवस सर्किटच्या, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या सरावफेरीच्या, उंचीखाली असतो. दसऱ्याला प्रारंभ करावा. सीमोल्लंघनाचा मुहूर्त आहेच, आणि पुढे होळीपर्यंत सलग पाच महिने सकाळची स्थिर हवा मिळते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वळवाचे ढग उभे राहतात, त्यांच्यापासून शिकाऊच नव्हे, अनुभवी वैमानिकही दूर राहतात. पावसाळ्याचे चार महिने लेखी अभ्यासाला उत्तम.

जमिनीवरचा पहिला अर्धा तास

विमानाभोवती फिरून केलेली तपासणी म्हणजे नुसता सोपस्कार नव्हे. वेगमापकाला हवा पुरवणारी पंखाखालची बारीक नळी आधी पाहावी. तिच्यावरचे कापडी आच्छादन रात्री घालायचे राहिले, तर आपल्याकडची कुंभारीण माशी एका दिवसात तिच्यात मातीचे घर बांधते. मग धावपट्टीवर विमान पळत असते आणि काटा शून्यावरच बसलेला असतो. आच्छादन असले तरी काढून, टोकाला डोळा लावून भोक मोकळे आहे का ते बघावे. फुंकर मात्र कधीही मारू नये, आतली यंत्रणा नाजूक असते.

त्यानंतर इंधन. पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक भांड्यात थोडे इंधन काढून ते उजेडासमोर धरावे. विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते. तळाशी गोल, पारा असावा तसा स्थिर बुडबुडा दिसला तर ते पाणी आहे. ते जाईपर्यंत पुन्हा पुन्हा काढावे. सगळे भांडेच एकसारखे रंगहीन दिसले तर आनंद मानू नये, कारण ते भांडेभर पाणीच असण्याची शक्यता आहे. पावसात रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या बाबतीत मी ही चाचणी तीन वेळा करतो. टाकीतील इंधनाची पातळी मोजपट्टी बुडवूनच मोजावी, काट्यावर विसंबू नये.

हवेत : नजर बाहेर

पहिले दहा तास एकच गोष्ट शिकायची असते, ती म्हणजे विमानाचे नाक क्षितिजाच्या किती वर किंवा खाली ठेवले आणि इंजिनाला किती ताकद दिली की कोणता वेग मिळतो. पडद्यांची सवय लागलेली नवी मुले सतत उपकरणांकडे पाहतात. एका प्रशिक्षकाने माझ्यापुढची सगळी उपकरणे वर्तमानपत्राने झाकून मला अर्धा तास राजहंसगडाच्या दिशेने उडायला लावले होते. उतरल्यावर कळले की त्या अर्ध्या तासात उंची शंभर फुटांपेक्षा जास्त हलली नव्हती. ट्रिमचे, म्हणजे हातातल्या नियंत्रणाच्या दांड्यावरचा ताण काढून टाकणारे चाक नीट वापरता आले की दोन बोटांनी विमान उडते. मूठ आवळलेली दिसली की समजावे, विमान ट्रिममध्ये नाही.

यानंतर मंद उड्डाण आणि स्टॉल. याची भीती वाटते म्हणून पुष्कळ जण ते उरकून टाकतात आणि पुढे वेगवान विमानात त्याची किंमत मोजतात. पंखाला हवा ठरावीक कोनापेक्षा जास्त तिरकी मिळाली की ती पंखाला धरून वाहत नाही, उचल एकदम कमी होते. याचा संबंध इंजिन बंद पडण्याशी नाही, हे घरच्यांना समजावून सांगायला मला वर्ष लागले. साध्या विमानात आधी कर्कश सूचना वाजते, मग दांडा ढिला पडतो, मग शेपटी थरथरते, आणि नंतर नाक सावकाश खाली जाते. दांडा पुढे सोडला की विमान पुन्हा उडू लागते. हा सगळा क्रम हातांना पाठ झाला पाहिजे. वळताना ही मर्यादा वर सरकते : ४५ अंश कलून उंची कायम ठेवत वळल्यास स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के वाढतो, ६० अंशांत ४१ टक्के. धावपट्टीकडे शेवटचे वळण घेताना ती ओलांडून पुढे गेलो, तर अधिक कलण्याचा आणि पायाने शेपटी ढकलण्याचा मोह होतो. हाच तो घातक क्षण. तेथे इंजिनाला ताकद देऊन पुन्हा फेरी मारावी, त्यात कमीपणा नाही.

उतरणे ही जमिनीशी जुळवून घेण्याची कला आहे आणि ती लेखातून येत नाही, तरी एक गोष्ट सांगतो. माझी सुरुवातीची लँडिंग आपटत होती, कारण मी पुढच्या चाकासमोरच्या डांबराकडे पाहत होतो. डांबर इतक्या वेगाने मागे पळते की ते किती खाली आहे हे डोळ्याला उमगत नाही. प्रशिक्षकाने नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यायला सांगितली. त्याच सकाळी दोन्ही कडा हळूहळू रुंद होत वर येताना प्रथमच दिसल्या, मी दांडा बोटभर मागे घेत राहिलो, आणि मागची चाके टेकल्याचे केवळ आवाजावरून समजले. आपटून विमान उसळले तर दांडा पुढे ढकलून ते जमिनीवर दाबू नये; दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी येते आणि तिसरीत पुढचे चाक मोडते. ताकद द्यावी, विमान सरळ धरावे आणि पुन्हा यावे.

सांबऱ्याची उंची आणि एप्रिलची दुपार

समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर असलेल्या सांबऱ्याच्या विद्यार्थ्याला किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यापेक्षा एक धडा लवकर मिळतो. या उंचीवर प्रमाण तापमान सुमारे १० अंश धरले जाते. एप्रिलच्या दुपारी पारा ३५ वर गेला, तर फरक २५ अंशांचा; प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट या हिशेबाने तीन हजार फुटांची भर पडते. विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी मग ५,५०० फुटांवर असते. हवा विरळ, पंखा तिला कमी पकडतो, इंजिनाची ताकद सुमारे पंधरा टक्के घटते, आणि वेगमापकावर ६५ नॉट दिसत असताना जमिनीवरून विमान प्रत्यक्षात ७० नॉटच्या आसपास पळत असते. धावपट्टी २,३०० मीटर लांब असल्यामुळे छोट्या विमानाला ती पुरते, पण पुढे चढाई इतकी मंद होते की पहिल्यांदा पोटात गोळा येतो. मी एकदा भरल्या टाक्या आणि वजनदार सोबती घेऊन दुपारी एक वाजता निघालो होतो. खाली निलजीची घरे जितकी लहान व्हायला हवी होती तितकी होत नव्हती. त्यानंतर पुस्तिकेतील तक्ता काढून, पेन्सिलीने आकडे मांडल्याखेरीज मी एप्रिल-मेमध्ये विमान सुरूही करत नाही. वेगवान विमान जास्त जड असते, त्यामुळे त्यात हा हिशेब अधिक निर्दय होतो.

इंजिन थांबले तर कुठे

प्रत्येक उड्डाणात हा प्रश्न मनात सतत चालू असावा. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत आणि दोन्हींची उत्तरे वेगळी. शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, खानापूरच्या दिशेने, भाताची खाचरे : दिसायला सपाट आणि हिरवी, पण दर पंचवीस पावलांवर बांध. पुढे तर जंगल आणि घाट, तेथे एका इंजिनाने विद्यार्थ्याने जाऊच नये. पूर्वेकडे, बैलहोंगल-सौंदत्तीच्या बाजूला, काळ्या मातीची मोठी रानं आहेत. मळणी झालेले ज्वारीचे शेत उत्तम. पण पाऊस पडून गेला असेल तर तीच काळी माती पुढचे चाक गिळते आणि विमान उलटे होते. उभा ऊस टाळावा, कारण तो पुरुषभर उंच असतो आणि पडलेले विमान शोधणाऱ्यालाही दिसत नाही. नांगरलेल्या शेतात उतरावेच लागले तर सरीच्या दिशेने उतरावे, सरीला आडवे कधीही नाही. वाऱ्याची दिशा विचारायची तर गुऱ्हाळाचा आणि जाळलेल्या पाल्याचा धूर हंगामात सगळीकडे दिसतो; त्यापेक्षा खात्रीचा वारादर्शक विमानतळावरही नसतो.

एकट्याने करायच्या लांबच्या प्रवासात किमान १५० सागरी मैल आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरणे अपेक्षित असते. सरावासाठी कागदावर सांबरा-हुबळी-कोल्हापूर-सांबरा हा त्रिकोण आखून पाहावा : अंदाजे ४०, ९० आणि ५२, मिळून १८० मैलांच्या वर. मधली लांब बाजू सांबऱ्याच्या पूर्वेला नऊ-दहा मैलांवरून जाते, त्यामुळे वारा किती ढकलतो हे ओळखीच्या खुणांवरून तपासता येते. घटप्रभेचे हिडकल धरण चुकणे अशक्य आहे, तरी मी एकदा त्याच्या ऐवजी दुसऱ्याच तळ्यावर विसंबलो होतो. परवानग्या आणि प्रत्यक्ष मार्ग अर्थातच प्रशिक्षकाच्या संमतीने ठरतात.

वेगवान विमानाकडे जाताना

परवाना मिळाल्यावर लगेच विमान घेऊ नये. त्याच साध्या विमानात आणखी साठ-सत्तर तास स्वतःच्या निर्णयाने उडवावे : न जाण्याचे निर्णयही त्यात मोजावेत. अमेरिकेत १९४७ पासून विकल्या गेलेल्या, इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपटी असलेल्या बोनान्झा या देखण्या आणि चपळ विमानाला लोकांनी 'डॉक्टरांना मारणारे' असे क्रूर टोपणनाव दिले, ते विमान वाईट म्हणून नव्हे. पैसा भरपूर आणि तास थोडे असलेली व्यावसायिक मंडळी ते घेत असत म्हणून.

बदलासाठी त्या प्रकारच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे आणि परवान्यावर त्याची नोंद करून घ्यावी. नव्या गोष्टी तीन असतात. पंख्याचा कोन बदलणारी दांडी शिकायला सोपी आहे. आत जाणारी चाके शिकायला सोपी आणि विसरायला त्याहून सोपी. उतरण्याआधी चाके खाली आल्याचे तीन हिरवे दिवे बोट लावून, मोठ्याने मोजावेत, शेजारी कोणी असो वा नसो. तिसरी गोष्ट खरी अवघड : गुळगुळीत अंगाचे विमान एकाच वेळी खाली येऊन मंदावत नाही. माझ्या पहिल्या अशा उड्डाणात मी सांबऱ्यावर पोचलो तेव्हा तीन हजार फूट जास्त वर आणि चाळीस नॉट जास्त वेगात होतो. घाईत चाकांची दांडी विसरलो आणि शेजारच्या प्रशिक्षकाने काही न बोलता फक्त विझलेल्या दिव्यांकडे बोट केले. आता मी दर हजार फुटांना तीन मैल हा हिशेब धरतो. सहा हजार फूट खाली यायचे तर अठरा मैल आधी सुरुवात, आणि १७० नॉटच्या वेगाला मिनिटाला सुमारे ९५० फूट. बैलहोंगल दिसायच्या आधी विचार संपलेला असावा लागतो.

स्नेह्यांची कागदपत्रे अजून कपाटातच आहेत. त्यांचे एकवीस तास झाले असून मागच्या आठवड्यात ते प्रथमच एकटे उडाले. विमान घेतील तेव्हा पहिले पंचवीस तास प्रशिक्षक सोबत, त्यानंतरचे दहा तास एकटे, कोरड्या हवेत, सकाळी, आणि घरच्यांपैकी कोणालाही न घेता, एवढे त्यांनी आत्ताच वहीत लिहून ठेवले आहे.